मूळपुरुषांची वही आणि साचेवाली

आमच्या ताईला कारखान्यात सगळे साचेवाली म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तिला ते आवडतं. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, कारण हजेरीच्या खिडकीपाशी उभं राहून बोललेलं आतल्या माणसाला ऐकू येत नाही, असा लोकांचा एक गोड गैरसमज असतो. तो आतला माणूस मी. चिनी मातीची भांडी बनवणाऱ्या या कारखान्यात मी एकवीस वर्षं हजेरी कारकून आहे आणि तितकीच वर्षं आमच्या वसाहतीच्या मंडळाचा चिटणीस. ताई माझी चुलतबहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिची हकिगत सांगताना मी स्वतःला मोकळं सोडणार नाही, कारण या प्रकरणात सगळ्यात जास्त अक्कल माझीच गहाण पडली होती.

आधी तिचं काम सांगतो, कारण तिला तिच्या कामापासून वेगळं काढून दाखवताच येत नाही. प्लास्टरचा साचा दोन भागांचा असतो, रबरी पट्टीने आवळलेला. त्यात सायीसारखी दाट, कालवलेली माती ओतायची. साचा पाणी पितो आणि आतून कडेकडेने मातीचा थर धरतो. थर पुरेसा जाड झाला की उरलेली माती उलटी ओतून टाकायची. कपाला किती मिनिटं, किटलीला किती, याचा तक्ता भिंतीवर आहे. ताई तक्त्याकडे बघत नाही. काठाला बोट लावते आणि म्हणते, "अजून दोन मिनिटं. आज हवेत ओल आहे." साचा उघडला की दोन भाग जुळतात तिथे कपावर एक शिवण उठलेली असते, ती पात्याने खरवडून ओल्या स्पंजने पुसायची. ताईच्या कपावर शिवण शोधणारे तपासनीस निवृत्त झाले, पण शिवण काही सापडली नाही. एकतीस वर्षं प्लास्टर आणि स्पंज हाताळून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या आहेत. हजेरीला अंगठ्याचं यंत्र आलं तेव्हा यंत्राने तिला ओळखायलाच नकार दिला. ती यंत्राला म्हणाली, "तूही मंडळातलाच दिसतोस!"

आता हे मंडळ. पावणेदोनशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून सात भट्टीवाले इथे आले. त्यांनी नदीकाठी पहिली भट्टी पेटवली, इथल्याच बायका केल्या, आणि त्यांची आम्ही प्रजा. आमच्यातल्या काहींचे डोळे घारे, काहींचे केस कुरळे, काहींचा रंग उजळ आणि पुष्कळांचं यातलं काहीच नाही. तरी मूल जन्मलं की आमच्याकडचे पुरुष आधी त्याची पापणी वर करून बघतात. डॉक्टरीणबाईंनी एकदा वैतागून सांगितलं होतं, "अहो, आधी श्वास तरी घेऊ द्या त्याला!"

मंडळाकडे एक वही आहे. सात मूळपुरुष, त्यांचे मुलगे, मुलग्यांचे मुलगे, असं करत आजपर्यंत. मुलींची नावं त्यांच्या बापाखाली येतात आणि तिथेच थांबतात. कारखाना पुढे सगळ्या कामगारांच्या भागीदारीचा झाला, साचे, झिलई, रंगकाम, बांधणी सगळीकडे बाहेरची माणसं आली. पण भट्टीवर कायम व्हायचं तर नाव वहीत हवं, हा मान आम्ही राखला. एकवीस वर्षं ती वही मी लिहितो. माझं अक्षर चांगलं आहे.

ताईने लग्न केलं ते मालाच्या ट्रकवरच्या ड्रायव्हरशी. भावोजी अगदी गरीब स्वभावाचे. मंडळाच्या कार्यक्रमाला आले तर दाराशीच खुर्ची ओढून बसतात आणि "मी आपला बाहेर बरा" म्हणतात. त्यांना एकच मुलगी. ही भाची पोरवयापासून भट्टीच्या तोंडाशी घुटमळायची. मोठी झाल्यावर तिने रीतसर उमेदवारी धरली. उमेदवारीला वही लागत नाही, कायम व्हायला लागते.

आमची भट्टी बोगद्यासारखी लांब. दर चाळीस मिनिटांनी कच्च्या भांड्यांची एक गाडी एका तोंडातून आत ढकलायची आणि दुसऱ्या तोंडातून भाजलेली बाहेर घ्यायची. वर्षानुवर्षं ती विझत नाही. विझली तर आतल्या विटा तडकतात आणि पुन्हा तापायला आठवडा जातो. प्रत्येक गाडीवर मातीचे तीन छोटे शंकू ठेवलेले असतात. उष्णता जशी वाढेल तसे ते एकामागून एक माना टाकतात आणि झरोक्यातून काळ्या काचेआडून ते बघायचे असतात. मागच्या वर्षी यंत्रावरचा आकडा बरोबर दिसत होता, चार जुनेजाणते भट्टीवाले आकड्याकडे बघून निवांत होते आणि ही पोरगी झरोक्याला डोळा लावून ओरडली, "दुसरा शंकू आत्ताच वाकलाय, गॅस कमी करा!" आकडा चुकीचा निघाला. सहा गाड्यांवरचा माल वाचला. मुकादमाने त्या दिवशी तिला स्वतःच्या डब्यातलं अर्धं जेवण दिलं. त्याच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

तिची तीन वर्षांची उमेदवारी संपत आली, तेव्हा तिने कायम होण्यासाठी अर्ज केला. मंडळाच्या वतीने त्यावर मी लिहिलं, "पितृपरंपरेअभावी नियमात बसत नाही." खाली सही केली. अक्षर नेहमीसारखंच सुरेख होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई खिडकीत आली. हाताला ओली माती तशीच.

"हे तू लिहिलंस?"

"ताई, नियम आहे."

"नियम मला माहीत आहे. तू लिहिलंस का, एवढंच विचारते."

"हो."

"बरं. निदान कोणाशी भांडायचं ते तरी कळलं." असं म्हणून ती निघून गेली. खिडकीच्या फळीवर तिच्या चार बोटांचे पांढरे ठसे राहिले, ते मी दिवसभर पुसले नाहीत. लाज वाटली म्हणून नव्हे, इतकी अक्कल तेव्हा नव्हती. मला राग आला होता. बाई ऐकून घेत नाही, असं वाटलं.

त्याच सुमारास आमच्या अध्यक्षांच्या डोक्यात एक कल्पना आली. त्यांना सगळी वसाहत थोरले म्हणते. झिलई खात्याचे निवृत्त प्रमुख, आवाज खणखणीत, डोळे घारे. कारखान्यातली बाहेरची माणसं आता उघड बोलू लागली होती की तुम्ही कसले पलीकडचे, तुम्ही आमच्यासारखेच. थोरल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते म्हणाले, "आता विज्ञानच सांगेल." पहिल्या भट्टीला एकशे पंचाहत्तर वर्षं होत होती. एका संशोधन संस्थेला मिसळलेल्या वंशांच्या लोकांचा अभ्यास करायचाच होता. पत्रव्यवहार झाला. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घ्यायचा, त्यातून वंश कळतो, असं ठरलं.

आणि निकाल येण्याआधीच थोरल्यांनी सभेत नियम चार मंजूर करून घेतला: "ज्यांची पितृपरंपरा चाचणीने सिद्ध होईल, त्यांनाच भट्टीचा हक्क राहील; सिद्ध होईपर्यंत कोणाचाही हक्क गृहीत धरला जाणार नाही." अर्धविरामासकट हे वाक्य माझं. ते इतकं चोख होतं की मी घरी जाऊन आरशासमोर पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. सभा एकमताने हात वर करून मोकळी झाली.

नमुने घ्यायला आली एक तरुण संशोधक. मोठा चष्मा, हातात खोकी. सभागृहात बावीस पुरुष रांगेने बसले होते, भट्टीवरचे सगळे आणि वर मंडळातले आम्ही. थोरल्यांनी दाढी करून नवा सदरा घातला होता, जणू गालाच्या आतूनही तो दिसणार होता.

ताई साच्यांच्या खोलीतून सरळ तिथे आली. "माझाही नमुना घ्या," म्हणाली.

थोरले हसले. "अगं, बायकांचं काय काढायचं त्यात? बापाकडून मुलाला जाते ती खूण बघायची आहे. ती तुमच्यात नसतेच."

संशोधक म्हणाली, "नसते, खरं आहे. पण आईकडून जाणारी खूण तिच्या सगळ्या मुलांत असते, मुलग्यांतही. पुढे मात्र ती फक्त मुलीच नेतात. आम्ही दोन्ही बघणार आहोत. संमतिपत्रावर लिहिलं आहे."

संमतिपत्र बावीसच्या बावीस जणांनी न वाचता सही करून दिलं होतं. मीही. थोरले शेजाऱ्याशी बोलण्यात गुंग होते, त्यांनी हे ऐकलंच नाही. ताईने मात्र ऐकलं. तिने बाईला हळूच विचारलं, "म्हणजे यांच्या गालातून यांच्या आया पण निघणार?"

"निघणार."

मग ताईने जे केलं ते मी या डोळ्यांनी बघितलं आणि तरी मला काही कळलं नाही. ती रांगेतून फिरली आणि प्रत्येकाला म्हणाली, "नीट घासा हं. आत, दाढेपर्यंत. कारखान्याच्या इभ्रतीचा प्रश्न आहे." बावीस शूर पुरुषांनी आपापले गाल लाल होईस्तोवर घासले.

तीन महिन्यांनी निकाल आला. बावीस बंद पाकिटं, ज्याचं त्याला. आणि सगळ्यांचा मिळून एक अहवाल, कोणाचंही नाव न घेता सभेत सांगायचा. सभागृह गच्च भरलं. पुढे पुरुष खुर्च्यांवर आणि मागे बायका उभ्या, कारण खुर्च्या तेवढ्याच होत्या आणि त्या कोणी भरायच्या हे कोणाला सांगावं लागत नसे.

संशोधकबाई साधं बोलल्या. बावीस पुरुषांत बापाकडच्या नऊ वेगवेगळ्या रेघा सापडल्या. त्यातल्या समुद्रापलीकडे आढळणाऱ्या रेघा फक्त पाच जणांत. बाकी सतरा जणांचे बापाचे बाप इथलेच, नदीच्या वरच्या अंगाचे, नाहीतर आणखी कुठकुठले. कोणी दत्तक आलं असेल, कोणी घरजावई होऊन सासऱ्याचं नाव लावलं असेल, कोणाची आणखी काही कहाणी असेल, ते चाचणी सांगत नाही.



"आणि आईकडची रेघ?" मागून ताईचा आवाज.

"बावीसपैकी एकोणीस जणांत एकच," बाई म्हणाल्या. "तंतोतंत. म्हणजे हे एकोणीस जण आईच्या आईच्या आईकडून मागे गेले तर एकाच बाईपाशी पोचतात. फार तर सख्ख्या बहिणींपाशी. ही रेघ या नदीच्या खोऱ्याबाहेर जवळपास सापडत नाही." मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण एक ध्यानात घ्या. सात पिढ्या मागे प्रत्येकाचे एकशे अठ्ठावीस पूर्वज होतात. या दोन चाचण्या त्यातल्या फक्त दोघांबद्दल बोलतात. उरलेल्या एकशे सव्वीस जणांत पलीकडचे असतीलच. तुम्ही मिसळलेले आहात. त्यात कमीपणा काहीच नाही."

थोरल्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण सावरायला ते पटाईत. उठून म्हणाले, "ठीक आहे. आई आई म्हणता, पण त्या बाईचं नाव कुठे आहे? नोंद कुठे आहे? ज्याची नोंद नाही त्याची परंपरा कशी मानायची? आमच्याकडे वही आहे."

"विचारा की," ताई म्हणाली.

"कोणाला?"

"आम्हाला. पावणेदोनशे वर्षांत विचारलंय कधी?"

आणि ती पुढे आली. आमच्या साच्यांच्या खोलीत एक रीत आहे. ही रीत आहे हे मला, एकवीस वर्षं वही लिहिणाऱ्या माणसाला, त्या दिवशी कळलं. माझी खिडकी त्या खोलीपासून तीस पावलांवर आहे. मुलगी पहिल्यांदा कामाला येते तेव्हा तिची आई तिला आपल्या स्टुलावर बसवते आणि त्या जागेवर आधी कोण कोण बसलं ते तिच्याकडून पाठ करून घेते. ते पाठ झाल्याशिवाय मातीला हात लावू देत नाहीत. रंगकामात आणि झिलईतही हीच रीत.

ताई म्हणाली, "मी. माझ्याआधी माझी आई, किटल्यांची. तिची आई डावरी. डावरीची आई चिडकी. चिडकीची आई जुळ्यांची. जुळ्यांच्या आईची आई मुकी. मुकीची आई लंगडी, नदीकाठी माती चाळायची. भट्टीवाले आले तेव्हा त्यांना आग माहीत होती. माती कुठली घ्यायची ते हिने दाखवलं."

ती थांबते न थांबते तोच रंगकामातली एक जण सुरू झाली. मग झिलईतली. मग थोरल्यांची सख्खी भाचेसून. वेगवेगळ्या जागा, वेगवेगळ्या बायका, कोणाची पाच नावं, कोणाची सहा. आणि शेवटी प्रत्येकीच्या तोंडी तीच, माती चाळणारी लंगडी. संशोधकबाई भराभर लिहून घेत होत्या.

मी किती मागे जाऊ शकतो ते मनातल्या मनात बघितलं. आई. आजी. आजीच्या आईपाशी मी ठप्प झालो. बापाकडचे सात मला झोपेत विचारले तरी येतात.

थोरले मुरलेले गडी. त्यांनी पवित्रा बदलला. आवाज मऊ केला. "साचेवाली, तुझ्या भावना मी समजू शकतो. तुझी मुलगी गुणी आहे. मंडळ तिला खास बाब म्हणून भट्टीवर घेईल. झालं? आता हा विषय इथेच मिटवू आणि अहवाल कपाटात ठेवू."

भाची माझ्यासमोरच बसली होती. तीन वर्षं जिच्यासाठी घाम गाळला ती गोष्ट तिच्या हाताशी आली होती. तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"खास बाब नको," ताई म्हणाली.

"अगं, मिळतंय ते घे की!"

"माझ्या पोरीला भीक घालू नका. तिच्यानंतर दुसरीची पोर येईल, तिने पुन्हा तुमच्या पाया पडायचं? नियम चुकला म्हणा. मग घेते."

मी भाचीकडे बघितलं. वाटलं, ही आता आईला गप्प करील. ती उठली. "आई म्हणते तेच," एवढंच म्हणून ती बसली आणि रडायला लागली. रडत होती, पण शब्द मागे घेतला नाही.

तेव्हा मला काय झालं सांगता येत नाही. मी माझं पाकीट फोडलं. बापाकडची रेघ: नदीच्या वरच्या अंगाला सर्वत्र आढळणारी. आईकडची: एकोणिसांपैकी. मी उभा राहून ते मोठ्याने वाचलं. मग वही उघडली आणि माझ्या नावावर एक आडवी रेघ मारली.

"ताई," मी म्हणालो, "आपले बाप सख्खे भाऊ. म्हणजे तुझ्याही बापाचं नाव गेलं."

"जाऊ दे," ती म्हणाली. "एका फटक्यात दोघं, तेवढीच तुझी शाई वाचली."

थोरल्यांनी सभा तहकूब केली. निर्णय काहीच झाला नाही. माणसं आपापली पाकिटं खिशात दाबून, एकमेकांची नजर चुकवत घरी गेली.

रविवारी ताई माझ्या घरी आली. बायकोने चहा ठेवला. ताईने दोन घोट घेतले आणि विचारलं, "नियम चार कोणी लिहिला?"

"मीच."

"पुन्हा वाच बघू."

मी वाचला. अर्धविरामाच्या पुढचं वाक्य मी दोनदा वाचलं. सिद्ध होईपर्यंत कोणाचाही हक्क गृहीत धरला जाणार नाही.

"एकवीस वर्षं आम्हाला सांगतोस, नियम म्हणजे नियम," ताई म्हणाली. "मग पाळ की."

सोमवारी सकाळी सातला पाळी बदलते. पावणेसातला मी भट्टीच्या दारावर सूचना डकवली: "नियम चारनुसार, पितृपरंपरा सिद्ध झालेल्या भट्टीवाल्यांची यादी पुढीलप्रमाणे." पुढे कोरा कागद. खाली सही, शिक्का आणि माझं सुरेख अक्षर.

दिवसपाळीचे सहा जण आले आणि दारात खिळले. मी म्हणालो, पाकीट उघडून दाखवा, पलीकडची रेघ असेल तर नाव लिहितो, आत जा. सहाही जणांचे हात सहा खिशांवर गेले आणि तिथेच राहिले. रात्रपाळीचे गडी घरी गेले होते, मागे राहिलेला मुकादम आतून ओरडला, "अरे, गाडी ढकलायची वेळ झाली! कोण येतंय?"

कोणालाच येता येत नव्हतं. उमेदवाराला मात्र वही लागत नाही. भाचीच्या उमेदवारीचा तो शेवटचाच दिवस होता.

ती सगळ्यांच्या मधून वाट काढत आत गेली. मुकादमाने शिव्या घातल्या, तिला नव्हे, आम्हाला. मग त्याने काळी काच तिच्या हातात दिली आणि स्वतः गाडीला खांदा लावला. साच्यांच्या खोलीतल्या बायका दाराशी जमल्या. सात वीसला गाडी गेली, आठला दुसरी गेली. मुकादम ढकलत होता आणि ती झरोक्यावरून हाकारत होती, "थांबा... अजून नाही... आता!"

साडेआठला थोरले आले. त्यांना हाताला धरून त्यांची आई आली होती, का आईला धरून ते, सांगणं कठीण. म्हातारी नव्वदीला टेकलेली. एके काळी ताईच्या शेजारच्या स्टुलावर बसून तिने कपांच्या कानांचं काम केलं होतं.

"हा काय पोरखेळ लावलाय?" थोरले गरजले. "काढ तो कागद!"

"काढतो," मी म्हणालो. "पाकीट उघडा, नाव लिहितो. नाहीतर नियम बदला."

थोरल्यांचा हात सदऱ्याच्या खिशात गेला. पाकीट बाहेर आलं. ते अजून बंदच होतं. खणखणीत आवाजाचा तो माणूस बोटांनी त्याची कडा नुसती चाचपत राहिला. दिवसपाळीचे सहाही जण त्या बोटांकडे बघत होते, कारण तशीच बोटं त्यांचीही होती.

म्हातारी म्हणाली, "उघड की रे. घाबरतोस काय? तुझा बाप तुझाच आहे, ते मी सांगते. त्याच्या आज्याचं मात्र मला नाही सांगता यायचं."

आधी मुकादम हसला, आत भट्टीपाशी. मग बायका. मग त्या सहा जणांतला एक, मग सगळेच. थोरले हसले नाहीत. पण त्यांनी पाकीट पुन्हा खिशात घातलं आणि भिंतीला टेकून म्हणाले, "लिही."

नियम चार रद्द. नवा नियम: आईकडून असो वा बापाकडून, बाहेरून आलेला असो वा इथला, ज्याने उमेदवारी पुरी केली आणि मुकादमाने ज्याचं काम पसंत केलं, त्याला भट्टी. तिथल्या तिथे, दाराला कागद लावून, जमलेल्या सगळ्या सभासदांनी सह्या केल्या. मग थोरल्यांनी इतिवृत्त सांगायला घेतलं आणि मी उतरवू लागलो. सवय, दुसरं काय! "मंडळाने उदार मनाने, साचेवालीच्या विनंतीस मान देऊन, तिच्या मुलीस भट्टीवर काम करण्याची परवानगी दिली."

"वाचून दाखव," ताई म्हणाली.

मी वाचलं.

"उदार खोड."

मी थोरल्यांकडे बघितलं नाही. खोडलं.

"विनंती कधी केली होती मी?"

तेही खोडलं.

"परवानगी दिली म्हणे. दीड तास ती आत आहे. तुम्ही सगळे बाहेर उभे आहात."

परवानगीवर मी दोनदा रेघ ओढली. ओळीत फारसं काही उरलं नाही. उरलं ते मी नव्याने, स्वच्छ लिहून काढलं: माझ्या भाचीचं नाव, त्यापुढे तिच्या आईचं नाव, त्यापुढे वडिलांचं, आणि भट्टीवर रुजू झाली.